पाचपर्यंत

"तीन," कुमुद म्हणाली.

नाझनीनने बार जमिनीला टेकवला, श्वास घेतला आणि पुन्हा उचलला.

"तीन."

मी त्यांच्याकडे पाठ करून उकिडवा बसलो होतो. एका जागी बसून मारायच्या सायकलची चेन उतरली होती, ती चढवत होतो. दोन्ही हात काळे झाले होते. मागे न बघताच मी ओरडलो, "नाझी, कंबर सरळ! गोल करू नको!"

"होय सर," ती म्हणाली. आवाज दाबलेला होता, पण सत्तर किलो उचलताना कुणाचाही तसाच येतो.

"तीन," कुमुद म्हणाली.

भिंतीला टेकून पोटऱ्या ताणत उभे असलेले बिरनाळे हसले. "आज काकूंच्या शाळेत तीनच्या पुढं आकडाच नाही का ओ?"

"तुमची पाळी आली की कळंल," मी म्हणालो. मलाही हसू आलं होतं.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबर महिना, सकाळचे साडेसहा. सांगलीत मार्केट यार्डाच्या मागे हळदीचं एक जुनं गोडाऊन आहे, तिथे मी पळणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना वजनाचा व्यायाम शिकवायचो. अजूनही शिकवतो. मी एस.टी.च्या वर्कशॉपला फिटर होतो. तरुणपणी वजन उचलण्याच्या स्पर्धा केल्या, विभागापर्यंत गेलो, पुढे जमलं नाही. रिटायर व्हायच्या आधीच एक-दोन पळणारी पोरं गुडघे धरून माझ्याकडे आली. त्यांना बैठका आणि एका पायावर पाटावर चढणं-उतरणं दिलं. गुडघे राहिले. मग लोक यायला लागले. पळणाऱ्यांना वाटतं, पाय तर रोज चालतात, त्यांना आणखी काय करायचं? पाय नुसते चालून भागत नाही, त्यांना ओझं उचलायची सवय लागते, हे पटवण्यात माझी निम्मी शक्ती जायची.

माझ्याकडे एक नियम होता. उचलणाऱ्याने मोजायचं नाही. स्वतः मोजलं की माणसाचं मन शेवटच्या आकड्याकडे पळतं आणि अंग ढिलं पडतं. म्हणून दुसऱ्याने समोर उभं राहून मोजायचं. आणि उचल नीट झाली नाही तर आकडा पुढे न्यायचा नाही, तोच पुन्हा म्हणायचा. अर्धी बैठक मारली की "सात"नंतर पुन्हा "सात". वेगळं काही बोलायचं नाही. आकडा परत आला की समोरच्याने समजून घ्यायचं की आपलं चुकलं.

हे काम माझ्या बायकोचं, कुमुदचं. ती तेवीस वर्षं अंगणवाडीत होती. तिथून सुटली आणि माझ्या गोडाऊनमध्ये आली. पहिल्याच आठवड्यात तिने बिरनाळेंना वीस बैठकांसाठी एकतीस बैठका मारायला लावल्या होत्या. बिरनाळे वीज मंडळात इंजिनियर, पन्नाशीचे, वर्षाला दोन अर्धमॅरेथॉन पळणारे. ते सगळ्यांना सांगायचे, "सर परवडले. सर शिव्या देतात आणि सोडतात. काकू गोड हसतात आणि मारतात."

तेव्हा "तीन, तीन, तीन" ऐकून कुणालाच काही वाटलं नाही. काकूंना उचल पसंत पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

"चार," कुमुद म्हणाली. चेन दात्यांवर बसली. मी पॅडल फिरवून बघितलं.

"तीन."

मग बार पडला. आपटला. बारचा आवाज मला पाठ आहे, टेकवलेला वेगळा आणि सुटलेला वेगळा. मी वळलो तेव्हा नाझनीन गुडघ्यांवर होती, एक हात जमिनीवर, एक कमरेवर. ती ओरडली नाही. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता.

नाझनीन मुजावर तेव्हा सतरा वर्षांची होती. वडील मिरजेला टेम्पो चालवायचे. ही रोज तिथून सायकल मारत यायची, आल्यावर व्यायाम करायची आणि परत सायकलवर जायची. चार वर्षं एकही दिवस चुकला नव्हता. त्या वर्षीची राज्य निवड चाचणी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी होती आणि तिच्या वयोगटाचं ते शेवटचं वर्ष होतं. संघात आली असती तर पुण्याला राहून शिकायची, खायची, सायकल मारायची सगळी सोय झाली असती. टेम्पोवर ते होणार नव्हतं. तो तिचा शेवटचा जड आठवडा होता. पाच उचली, त्याही शेवटच्या. त्यानंतर वजन कमी करत न्यायचं आणि पाय ताजे ठेवायचे, असा माझा बेत होता.

"किती झाल्या?" मी विचारलं.

लोक हातातलं टाकून भोवती जमले होते.

"बिरनाळे, किती झाल्या?"

"मी कुठं मोजतोय सर... सात-आठ झाल्या असतील."

पाचच्या ठिकाणी आठ. सत्तर किलोच्या. सहाव्या उचलीला कंबर दमते आणि गोल होते, सातवीला गोल होतेच, आठवी करूच नये. मी कुमुदकडे बघितलं. ती तिथेच उभी होती. उजवी मूठ अर्धवट मिटलेली, छातीशी धरलेली.

"नीट नव्हत्या का तिच्या उचली?" मी विचारलं.

"नीट होत्या," कुमुद म्हणाली.

"मग पुढं का नाही गेलीस?"

"मोजल्या की मी."

"काय मोजल्यास?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तीन."

तेव्हा मी जे बोललो ते दहा-बारा माणसांसमोर बोललो. "तेवीस वर्षं पोरांना शिकवलंस ना? तुला पाचपर्यंत मोजता येत नाही?"

कुमुदने मूठ उघडली. मला काहीतरी दाखवावं तशी. मुठीत एक चिंचोका होता. आणखी दोन खाली रबरी चटईवर पडलेले होते, एक तर बारच्या लोखंडी चकतीखाली गेला होता. तिने मुठीतल्या एकाकडे बघितलं, मग खालच्या दोन्हींकडे बघितलं.

"हा कचरा कशाला आणतेस इथं?" मी म्हणालो. "पाय घसरून अजून कुणीतरी पडंल." आणि मी स्वतः झाडू घेऊन ते चिंचोके झाडून काढले. नाझनीन तिथेच खाली पडून होती. माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, दुखतंय म्हणून बघतेय.

* * *

नाझनीनच्या कमरेतली चकती सरकली होती. डॉक्टरांनी सहा आठवडे वाकायला बंदी केली. चाचणीला चार आठवडे होते.

मी तिच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी चहा दिला. तीन वेळा म्हणाले, "नशीब सर, तुम्ही काय करणार." नाझनीन आतल्या खोलीत पालथी पडली होती. मी दारात उभा राहिलो.

"काकूंना काही बोलू नका सर," ती म्हणाली.

"बोलायचं ते बोलून झालं."

"त्यांची चूक नाही."

"मग कुणाची?"

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. पोरगी मनाची मोठी आहे, असं वाटून मी घरी आलो आणि कुमुदला म्हणालो, "उद्यापासून येऊ नकोस गोडाऊनला. घरी थांब."

"बरं," ती म्हणाली.

आम्हाला मूल नाही. घरात आम्ही दोघंच. भांडण झालं तर सोडवायला मध्ये कुणी नसायचं, म्हणून आम्ही भांडणं कमी करायचो. या वेळी मात्र मी धरून बसलो. चार आठवडे. जेवायला बसलो की ती वाढायची, मी जेवायचो. नाझनीनसाठी ती नाचणीचं सत्त्व करून ठेवायची, ते डबा भरून तसंच राहायचं. मी नेलं नाही. एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. मी ताट सरकवून उठलो.

त्या चार आठवड्यांत, आणि त्याच्या आधी महिनाभर, मला सगळं दिसत होतं. तिचं डोकं दुखायचं. मी म्हणालो, पाणी कमी पितेस. उजवी चप्पल फरशीवर घासल्याचा आवाज यायचा. मी म्हणालो, घोटा कमजोर आहे, पोटऱ्यांचा व्यायाम कर. तिला ओट्याला धरून टाचा उचलायला लावल्या. उजव्या पायावर उभं राहायला सांगितलं तर ती कलायची. मी सांगितलं, दिवसातून दोनदा कर, तोल सुधारेल. ती करायची. सकाळ-संध्याकाळ, ओट्याजवळ, माझ्याकडे पाठ करून. पळणाऱ्या माणसाचा पाय घासला तर मी हेच सांगतो आणि शंभरात नव्वदांचा पाय सुधारतो.

चाचणीच्या रविवारी मी दिवसभर घरात बसून होतो. तिनेही टीव्ही लावला नाही. संध्याकाळी ती म्हणाली, "झाली असेल ना आता?"

"काय?"

"चाचणी."

"झाली असेल."

"मग मी उद्या दवाखान्यात जाऊन येऊ का? डोक्याचं दाखवायला."

"जा की," मी म्हणालो. "मी कधी नको म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायला म्हणून तिने साडी बदलली आणि कपाटासमोरच पडली. उजवा हात आणि उजवा पाय झटके देत होते. तोंडातून फेस येत होता. मी गोडाऊनला होतो. शेजारच्या वहिनींनी फोन केला.

* * *

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला फोटो दाखवला. मेंदूच्या डाव्या बाजूला एक पांढरा गोळा होता, लिंबाएवढा.

"कधीपासून त्रास होता?" त्यांनी विचारलं. तरुण होते, बोलायला चांगले होते.

"डोकं दुखायचं. दोन-अडीच महिने."

"चालताना काही?"

"उजवा पाय घासायचा."

"मग दाखवलं नाही?"

मी पुन्हा फोटोकडे बघितलं.

"बोलण्यात फरक? शब्द सापडत नाहीत, असं?"

"नाही. बोलायची नीट."

"हिशेबात, आकड्यांत गोंधळ व्हायचा का? या भागात गाठ असली की काही जणांचं मोजणं जातं. बाकी सगळं शाबूत असतं, पण साधी मोजदाद करता येत नाही. घरच्यांच्या सहसा ते लक्षात येत नाही, कारण घरात बाईला मोजायला कोण लावतं?"

"मी लावायचो," मी म्हणालो.

त्यांना ते कळलं नसावं. त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं. गाठ पूर्ण काढता येणार नव्हती. मी सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी नाझनीन आली. कमरेला रुंद पट्टा होता आणि ती म्हाताऱ्या बाईसारखी जपून चालत होती. बाकड्यावर बसता येत नव्हतं, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली. समोर ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद होतं.

"सर, मला तुम्हाला सांगायचंय," ती म्हणाली.

"बोल."

"काकूंना मोजायला येत नव्हतं. दसऱ्यापासून."

मी तिच्याकडे बघितलं.

"मला आधी वाटलं, माझंच चुकतंय. तुमचा नियम आहे, मोजायचं नाही. पण मी मनात मोजायचे सर. पहिल्यापासून. माफ करा. एक दिवस माझ्या बैठका आठच झाल्या आणि काकू दहा म्हणाल्या. काकू कधी कमी करून देतात का सर? मी त्यांना बाहेर नळावर विचारलं. त्या म्हणाल्या, आकडे हातातून निसटतात गं, पुढचा कुठला तेच आठवत नाही. मग त्यांनी चिंचोके आणले."

"चिंचोके."

"जितक्या उचली, तितके चिंचोके मुठीत. एक उचल झाली की एक चिंचोका खिशात टाकायचा आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. आकडा माझ्या तोंडाकडे बघून म्हणायच्या. मी ओठांनी दाखवायचे. मूठ रिकामी झाली की थांबायचं. दीड महिना आमचं असंच चालू होतं. बिरनाळे काकांना पण कळलं नाही."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी त्यांच्या हातातून चिंचोके गळले. त्यांना समजलंच नाही. मुठीत एकच राहिला. तो टाकायचं त्यांना सुचेना आणि मी खाली बघत होते, सत्तर किलो होतं, मान वर करता येत नव्हती. त्या नुसत्या तीन तीन म्हणत राहिल्या."

"पण तू तर मोजत होतीस मनात."

"होय."

"पाच झाल्यावर बार ठेवायचा होतास."

नाझनीनने पट्ट्यावर हात ठेवला. "मी आपणहून थांबले असते तर तुम्ही विचारलं असतं, आकडा तीन आणि थांबली का. सगळ्यांसमोर. मग काकूंचं कळलं असतं. मला वाटलं, आणखी दोन करते, तेवढ्यात त्यांना सापडेल पुढचा."

दाराच्या वरचा लाल दिवा चालू होता. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत? दोघींनीही?"

"काकूंनी शपथ घातली होती. म्हणाल्या, सरांना कळलं तर ते सगळं सोडून मला घेऊन हिंडतील, मुंबई-पुणे करतील. तुझं कोण बघणार? चाचणी होऊ दे. दुसऱ्या दिवशी मी जाते दवाखान्यात. मी म्हटलं, काकू, नको, आत्ता जा. त्या म्हणाल्या, दोन महिन्यांनी काय होतंय गं."

मग ती रडायला लागली. पट्ट्यामुळे नीट रडताही येत नव्हतं, हुंदका आला की कंबर धरायची. "मी सांगायला पाहिजे होतं सर. चाचणी तर गेलीच होती. तेव्हा तरी सांगायला पाहिजे होतं. तुम्ही घरी आला होता, तेव्हा तोंडाशी आलं होतं. पण त्यांनी फोन करून पुन्हा शपथ घातली. म्हणाल्या, आता तर मुळीच सांगू नको. सर आधीच चिडलेत. आता कळलं तर ते स्वतःला माफ करणार नाहीत."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो?

* * *

कुमुद ऑपरेशननंतर अकरा आठवडे होती. त्यातले चार बरे गेले. उजवी बाजू हलत नव्हती. बोलणं एखाददुसऱ्या शब्दापुरतं उरलं होतं, पण समजत सगळं होतं. व्यायाम करून घेणारी एक मुलगी एक दिवसाआड घरी यायची. बाकीच्या दिवशी मीच करून घ्यायचो. तिच्या डाव्या हातात चेंडू द्यायचा, तिने तो दाबायचा, पाच वेळा. मग उजवा पाय मी खालून धरायचा आणि तिने उचलायचा प्रयत्न करायचा, पाच वेळा. पाय उचलला जायचा नाही. मांडीचा स्नायू मात्र माझ्या तळहाताखाली किंचित घट्ट व्हायचा. मी तेवढीच उचल धरायचो.

माफी मी मागितली नाही. मागायला बसलो होतो एकदा, दुपारची वेळ होती. म्हणालो, "कुमुद, ते पाचपर्यंतचं मी बोललो..."

तिने डावा हात हलवला. माशी हाकलावी तसा. मग त्याच हाताने स्वतःच्या पायाकडे बोट केलं. व्यायाम राहिला होता.

मी पाय धरला.

"एक," मी म्हणालो. मांडी घट्ट झाली, सैल झाली.

"दोन."

खिडकीबाहेर बिरनाळेंची सायकल थांबल्याचा आवाज आला. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी पळणं सोडून सायकल घेतली होती आणि रोज दुपारी ते डबा आणून द्यायचे. त्या दिवशी ते आत आले नाहीत. दारातच उभे राहिले असावेत.

"तीन."

तिचा चेहरा लाल झाला होता. ती खरोखर उचलत होती. सत्तर किलो उचलणाऱ्या पोरांच्या तोंडावर मी असा जोर बघितला आहे.

"चार."

तिने श्वास घेतला. मांडी पुन्हा घट्ट झाली, आधीच्या चारांपेक्षा जास्त. मला आकडा म्हणायचा होता. तो कुठला होता ते मला माहीत होतं. पण मला पुढे काही दिसेना. तोंडातून जे आलं ते मी ठरवून म्हटलेलं नव्हतं.

"चार," मी म्हणालो.

कुमुदने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. शब्द शोधायला तिला वेळ लागला. जीभ जड झाली होती, ओठ एका बाजूने हलत होते. मी वाट बघितली.

"अहो," ती म्हणाली. "नीट... होती."